मदत हवी आहे: सिंगापूरच्या बिदादरी कबरस्तानातून हलवलेली पणजोबांची कबर

नमस्कार मंडळी,

आम्ही मूळचे नगरचे, ख्रिस्ती. माझे पणजोबा १९११ साली सिंगापूरला गेले, सरकारी इस्पितळात ड्रेसर (मलमपट्टी करणारे डॉक्टरांचे मदतनीस) म्हणून लागले आणि १९३४ साली तिथंच वारले. पणजी मुलांना घेऊन नगरला परतली. तिच्या पेटीत कबरीचा एक फोटो होता, मागे शाईनं 'बिदादरी, सिंगापूर' एवढंच लिहिलेलं.

गेल्या वर्षी भाचा नोकरीसाठी तिकडे गेला. फोटो घेऊन वुडली स्टेशनावर उतरला, तर समोर सरकारी घरांच्या उंच इमारती. १९०८ साली सुरू झालेलं हे कबरस्तान १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झालं आणि २००१ ते २००६ या काळात घरबांधणी आणि मेट्रोसाठी उकरलं गेलं. ख्रिस्ती भागात सुमारे ५८,००० कबरी होत्या, मुसलमान भागात ६८,००० च्या आसपास. मुसलमानांच्या अस्थी सिंगापूरच्याच चोआ चू कांग कबरस्तानात पुन्हा पुरल्या, ख्रिश्चनांच्या दहन करून अस्थिगृहात ठेवल्या. शिलालेखांपैकी वीसेक नामवंतांचे तेवढे स्मृतिउद्यानात जपले आहेत. त्यांत तिथले नावाजलेले डॉक्टर आणि समाजसुधारक डॉ. लिम बून केंग आहेत. एका ड्रेसरचा दगड तिथं कुठून असणार!

नातेवाइकांनी पुढे यावं म्हणून सूचना निघाल्या, पण त्या सिंगापुरात. नगरला आमच्यापर्यंत काही पोचलं नाही. माझी आत्या, म्हणजे पणजोबांची नात, आता ८८ वर्षांची आहे. 'आजोबांना कुठं नेलं रे?' असं ती दर नाताळला विचारते, आणि मला उत्तर देता येत नाही.

दोन गोष्टी हव्या आहेत. त्यांच्या नेमणुकीची सरकारी नोंद कुठं मिळेल? आणि अस्थी कुठं गेल्या, हे कुणाकडून कळेल? भाच्यानं आडनावानं बरंच शोधलं, एकदाही सापडलं नाही.

प्रतिसाद

मी सिंगापूरला राहते. आधी नेमणुकीचं बघा, कारण कबरीचा धागा तिथूनच सापडेल. १ एप्रिल १८६७ पर्यंत सिंगापूर, पिनांग, मलाक्का ही ठाणी हिंदुस्थान सरकारकडे होती, पुढे थेट लंडनच्या वसाहत खात्याकडे गेली. त्यामुळे १९११ चं दिल्लीत किंवा मुंबईत शोधू नका. या ठाण्यांना मिळून स्ट्रेट्स सेटलमेंट्स म्हणत, त्यांच्या सरकारी गॅझेटात नेमणूक, बढती, रजा, निवृत्ती छापत. त्याचे अंक लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात सी.ओ. (म्हणजे वसाहत खातं) २७६ या मालिकेत आहेत. वार्षिक 'ब्लू बुक' सी.ओ. २७७ मध्ये. त्यात पदं आणि पगार असतात. जुनी वर्तमानपत्रं सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ऑनलाइन ठेवली आहेत, ती घरबसल्या चाळता येतील.

आता महत्त्वाचं. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. इथला कारकून शेवटी जे दिसेल त्याला आडनाव समजायचा, आणि पुष्कळ जण आडनाव लिहीतच नसत. वडिलांच्या नावाखाली शोधा, इंग्रजी स्पेलिंगही चार-पाच तऱ्हांनी करून बघा. दफनाची नोंद त्याच नावानं असणार.

अस्थींसाठी राष्ट्रीय पर्यावरण संस्थेला लिहा, इथली दफनभूमी आणि अस्थिगृहं तीच सांभाळते. मृत्यूची तारीख आणि फोटोची प्रत जोडा. एक सांगते, मन घट्ट करून वाचा. पुढे इथल्याच बुकिट ब्राऊन या जुन्या चिनी कबरस्तानाच्या सुमारे ३,७०० कबरी रस्त्यासाठी हलवल्या, तेव्हा ज्यांच्यावर कुणी हक्क सांगितला नाही त्यांची रक्षा तीन वर्षं ठेवून समुद्रात सोडायची असं ठरलं होतं. बिदादरीच्या अस्थींबद्दल पत्रात हे स्पष्टच विचारा.

धागाकर्ता

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून आत्याकडे गेलो. पेटीत पणजोबांचं एक पत्र निघालं, खाली इंग्रजीत सही. स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव, आडनाव नाहीच! इतके दिवस आम्ही चुकीच्या नावानं हाका मारत होतो. पर्यावरण संस्थेला आजच लिहितो. समुद्राचं आत्याला अजून बोललो नाही, उत्तर आल्यावर बोलेन.

लंडनच्या आसपास कुणी असेल आणि क्यूला एक दिवस देऊ शकत असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. १९११ आणि १९१२ ची गॅझेटं बघायची आहेत.