शेजाऱ्यांच्या साठ सह्या आणि नागरिकाचा हक्क

दर्यावर्दी (धागाकर्ता):
इंडोनेशियातल्या धार्मिक सलोख्याचा विषय निघाला की जकार्तातली इस्तिकलाल मशीद हमखास दाखवली जाते. समोर कॅथेड्रल, दोन्हींना जोडणारा भुयारी मार्ग, मशिदीचा आराखडा सिलाबान या ख्रिस्ती वास्तुविशारदाचा. सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस आणि मशिदीचे मुख्य इमाम नसरुद्दीन उमर यांनी तिथेच संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मला हे मनापासून आवडतं.

पण त्याच देशात नवं प्रार्थनास्थळ बांधायचं तर २००६ चा सरकारी नियम सांगतो: ९० भाविकांची नावं आणि ओळखपत्रं आणा, परिसरातल्या ६० जणांचा पाठिंबा आणा, त्यावर गावप्रमुखाची मोहोर घ्या. वर धर्मखात्याच्या जिल्हा कार्यालयाची आणि आंतरधर्मीय सलोखा मंचाची, म्हणजे त्या भागातल्या वेगवेगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींच्या मंडळाची, लेखी शिफारस. शेजाऱ्याने सही दिली नाही म्हणून कुणाचं मत बाद होत नाही. मग उपासनेचा हक्क का अडावा?

पाऊलवाट:
साफ असहमत. आधीच्या १९६९ च्या आदेशात निकषच मोघम होते, स्थानिक अधिकारी म्हणेल ती पूर्व. २००६ च्या नियमाने आकडे ठरवले, ९० दिवसांत निर्णय द्यायचं बंधन घातलं. आणि ९० भाविक आहेत पण ६० सह्या जमत नाहीत, तर जागा मिळवून द्यायची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली. हे कलम तुम्ही गाळलंत. मालुकू बेटांवर १९९९ पासून ख्रिस्ती-मुस्लिम दंगलींत हजारो माणसं मेली. ते पाहिलेलं सरकार बांधकामाआधी शेजाऱ्यांना विचारतं, यात मला शहाणपण दिसतं.

दर्यावर्दी:
कलम कागदावर चांगलं आहे. जकार्ताजवळच्या बोगोर शहरातल्या यास्मिन चर्चचं काय झालं बघा. २००६ मध्ये परवाना मिळाला, २००८ मध्ये विरोध झाल्यावर गोठवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१० मध्ये निकाल चर्चच्या बाजूने लागला. तरी दाराचं सील निघालं नाही. ती मंडळी जकार्तात राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर उघड्यावर प्रार्थना करत राहिली. अखेर २०२३ मध्ये चर्च उघडलं, तेही दुसऱ्याच जागी. देशातलं सर्वात वरचं न्यायालय जिंकून देतं आणि तरी हललं कोण? जिंकलेलेच.

पाऊलवाट:
त्या प्रकरणात पाठिंब्याच्या सह्या बनावट असल्याचा आरोप होता, तेही सांगा.

दर्यावर्दी:
होता, आणि न्यायालयीन निकालानंतरही तोच पुढे केला गेला. सह्यांची अटच नसती तर असला वाद उभा राहिला असता का?

सांजवेळ:
हा मुस्लिम विरुद्ध इतर असा मामला आहे असं वाचणाऱ्यांना वाटू नये म्हणून लिहिते. ख्रिस्तीबहुल कुपांगमध्ये मशिदीच्या बांधकामाला असाच विरोध झाला. जिथे जो कमी, तिथे तो अडकतो. सलोखा मंचातल्या जागाही त्या त्या भागातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटलेल्या. म्हणजे ज्याच्याकडे आधीच संख्या आहे, शिफारस देताना मंचातही त्याचंच पारडं जड. संवादासाठी बसवलेल्या माणसांच्या हातात परवान्याची किल्ली दिली की संवाद कसला होणार?

पाऊलवाट:
तुमचा कुपांगचा दाखला माझ्या बाजूचा आहे. नियम सगळ्यांना सारखा लागतो, यालाच समानता म्हणतात. उद्या अट काढली आणि जमाव चालून आला तर?

दर्यावर्दी:
तर पोलिसांनी जमावाला थोपवावं. आज थोपवलं जातं ते बांधकाम. २०१७ मध्ये घटना न्यायालयाने पारंपरिक श्रद्धा पाळणाऱ्यांना ओळखपत्रावर आपली श्रद्धा नोंदवायचा हक्क दिला. तोवर त्यांचा धर्माचा रकाना कोरा राहायचा. त्यांना कुणी ६० सह्या मागितल्या नाहीत. तोच न्याय भिंती आणि छपराला लावा, एवढीच माझी मागणी आहे. मंच राहू द्या, त्याची शिफारस सक्तीची नको.

पाऊलवाट:
शिफारस ऐच्छिक करा, चालेल. ६० ची अट मात्र मी सोडणार नाही. ओळखपत्र खिशात राहतं, इमारत गल्लीत उभी राहते.