‘मीन गर्ल्स’ (२०२४): स्वतःच्याच गाण्यांचा संकोच वाटणारा संगीतपट

मध्यंतर (धागाकर्ती):

२००४ सालचा ‘मीन गर्ल्स’ मी महाविद्यालयात असताना पाहिला आणि त्यानंतर तो किती वेळा पाहिला याची मोजदाद ठेवलेली नाही. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. प्राणिशास्त्रज्ञ आईवडिलांबरोबर आफ्रिकेत वाढलेली आणि घरीच शिकलेली केडी सोळाव्या वर्षी प्रथमच अमेरिकेतल्या शाळेत दाखल होते. जॅनिस आणि डेमियन या नव्या मित्रांच्या सांगण्यावरून ती शाळेवर हुकूमत गाजवणाऱ्या रेजिनाच्या कंपूत हेर म्हणून शिरते आणि पाहता पाहता स्वतःच दुसरी रेजिना होऊन बसते. रोझालिंड वाइजमन यांनी मुलींच्या कंपूबाजीवर पालकांसाठी लिहिलेल्या २००२ सालच्या पुस्तकात कथानक असे नव्हतेच. त्यातल्या निरीक्षणांवरून टीना फे यांनी ही पटकथा रचली, आणि म्हणूनच तिच्यातला विनोद इतका नेमका आहे.

याच कथेचे संगीतक २०१८ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आले. संहिता फे यांचीच, संगीत त्यांचे पती जेफ रिचमंड यांचे आणि गीते नेल बेंजामिन यांची. ब्रॉडवेवरच्या नाटकांना दिल्या जाणाऱ्या टोनी पुरस्कारांसाठी त्याला १२ नामांकने मिळाली, पुरस्कार मात्र एकही मिळाला नाही. मार्च २०२० मध्ये साथीमुळे ब्रॉडवे बंद झाले तेव्हा थांबलेले प्रयोग तिथे पुन्हा सुरू झाले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट म्हणजे त्याच संगीतकाचे चित्ररूप. असे असूनही त्याच्या पहिल्या ट्रेलरमधून हा संगीतपट आहे याचा थांगपत्ता लागत नव्हता. त्यात वाजत होते ते पॉप गायिका ऑलिव्हिया रॉड्रिगोचे, मूळ चित्रपटाशी आणि संगीतकाशी काहीही संबंध नसलेले गाणे.

हा संकोच ट्रेलरपुरता राहिला असता तर मी धागा काढला नसता. तो चित्रपटभर जाणवतो. रंगमंचावरची कित्येक गाणी गाळली आहेत. उरलेल्यांचा वाद्यमेळ विरळ करून, इअरफोनवर एकट्याने ऐकावे तसा त्यांना हळुवार पॉपचा बाज दिला आहे. केडीचे सुरुवातीचे गाणे बदलले आहे. त्याहून मोठे नुकसान निवेदनाचे झाले आहे. जुन्या चित्रपटात केडी स्वतःची गोष्ट स्वतः सांगते, त्यामुळे ती खोटे बोलायला लागते तेव्हा तिच्या मनातली चलबिचल आपल्या कानावर पडत असते. इथे सूत्रधार जॅनिस आणि डेमियन आहेत. रंगमंचावर ही युक्ती शोभते, पण पडद्यावर तिच्यामुळे केडी आपल्याच गोष्टीत पाहुणी झाली आहे. केडी झालेली अँगोरी राइस ही गुणी अभिनेत्री आहे. तिच्या वाट्याला बिघडण्याचा प्रवासच नीट आलेला नाही.

एकच प्रसंग समोर ठेवते. जुन्या चित्रपटात नाताळच्या कार्यक्रमात चौघी मुली नाचणार असतात. ऐन वेळी रेजिना कंपूतल्या ग्रेचनची जागा बदलते. ‘मी नेहमी तुझ्या डावीकडेच असते’, एवढेच ग्रेचन काकुळतीने म्हणते. जागा बदलल्यामुळे नाचताना तिचा पाय टेपरेकॉर्डरला लागतो, तो उडून प्रेक्षकांत पडतो आणि संगीत बंद पडते. सगळ्या जागच्या जागी गोठतात. तेवढ्यात केडी नुसत्या गळ्याने पुढची ओळ उचलते आणि हळूहळू सभागृह तिच्याबरोबर गाऊ लागते. ग्रेचनचे दुखावणे, रेजिनाचे अवाक होणे आणि केडीचे तिची जागा घेणे, एवढे सगळे त्या एका गाण्यात घडते, आणि तो चित्रपट संगीतपट नव्हता! नव्या चित्रपटात याच कार्यक्रमात रेजिना पडते आणि मग लोकांच्या मोबाइलवरच्या चित्रफितींची माळ सुरू होते. जिथे गाण्याने कथा पुढे न्यायची, तिथे ती मोबाइलच्या स्वाधीन केली आहे.

नेपथ्य:

धागा मनापासून लिहिला आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. ट्रेलर कसा कापायचा हे दिग्दर्शक ठरवत नाहीत. त्याच मोसमात आलेल्या ‘वोंका’ आणि ‘द कलर पर्पल’ यांच्या जाहिरातींतही गाणी अशीच झाकून ठेवली होती, त्यामुळे तो दोष सामंथा जेन आणि आर्तुरो पेरेझ यांच्या माथी मारणे योग्य नाही.

दुसरे असे की, जुना चित्रपट आज नव्याने पाहून बघा. अल्पवयीन विद्यार्थिनींशी संबंध ठेवणारा क्रीडाशिक्षक तिथे हशा मिळवण्यासाठी आहे. जॅनिस समलिंगी असल्याची अफवा रेजिनाने पसरवली, हे तिच्या वैराचे मूळ. पण तो चित्रपट शेवटी तिला एका मुलाबरोबर उभे करतो आणि प्रश्नाला बगल देतो. नव्यातली जॅनिस खरोखरच समलिंगी आहे, ते तिच्या मनाविरुद्ध चारचौघांत उघड झाले होते, आणि म्हणून तिचा सूड खरा वाटतो. जॅनिस झालेली औलिई क्रावाल्यो शेवटाकडचे गाणे शाळेतून चालत, एकसलग वाटणाऱ्या लांब शॉटमध्ये गाते, तेव्हा ती वीस वर्षे अडकलेली गोष्ट मोकळी होते असे मला वाटले.

आणि रेने रॅप! तिने रेजिना ब्रॉडवेवरही साकारली होती. हॅलोविनच्या पार्टीत, भोवतालची गर्दी थबकलेली असताना ती गाते, तेव्हा रेचल मॅकअ‍ॅडम्सची आठवणही होत नाही. मॅकअ‍ॅडम्सची रेजिना गोड हसून घाव घालणारी होती, तर हिची रेजिना आपली ताकद लपवण्याची तसदीच घेत नाही. या गाण्यांत कुठला संकोच आहे?

तारसप्तक:

संगीताच्या अंगाने थोडे लिहितो. गाणी गाळण्याला माझा आक्षेप नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ चे नाटक २०१५ मध्ये पडद्यावर आले तेव्हा अभिषेकीबुवांच्या पदांच्या जोडीला नवी गाणी आली, कथाही हलवली गेली, आणि तरी चित्रपट गाण्यावर उभा राहिला. कारण तिथे गाणे हाच पात्रांमधला झगडा होता. ‘मीन गर्ल्स’मधला झगडा बोलण्यातला आहे. अर्धवट तोडलेले वाक्य, दुसऱ्या फोनवर गुपचूप ऐकत बसलेली मैत्रीण, स्तुतीच्या वेष्टनातला टोमणा ही तिथली हत्यारे. पात्राने मनातले सगळे गाऊन सांगितले की टोमण्याची धार जाते. त्यामुळे धागाकर्तीशी मी सहमत आहे, पण कारण वेगळे. चित्रपटाचा संकोच नंतरचा आहे. अडचण मूळ संगीतकातच होती. याला अपवाद एकाच गाण्याचा. बीबी वुडची ग्रेचन ‘माझ्यात काय कमी आहे’ या अर्थाचे गाणे अगदी हलक्या आवाजात गाते, कारण ग्रेचनला हे कोणाजवळ बोलता येणारच नाही. तिथे गाण्याची गरज आहे.

पैलतीर:

मी शिकागोच्या उपनगरात राहते; जुन्या चित्रपटाची कथा घडते ते इव्हॅन्स्टन इथून जवळच आहे. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीने नवा चित्रपट आधी पाहिला आणि जुना नंतर. तिला जुना आवडला, पण नवा तिला ‘आमच्या शाळेसारखा’ वाटला. तिच्या शाळेत कोणाची फजिती झाली तर ती मधल्या सुट्टीच्या आत सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलेली असते. मागच्या वर्षी तिची एक मैत्रीण अशाच एका चित्रफितीमुळे आठवडाभर शाळेत गेली नव्हती. ‘मध्यंतर’ ज्याला माळ म्हणतात, ती माझ्या मुलीने श्वास रोखून पाहिली.

नव्या चित्रपटात अवंतिका वंदनापू हिने केलेल्या, रेजिनाच्या कंपूतल्या कॅरनचे आडनाव शेट्टी आहे, हेही सांगावेसे वाटते. जुन्या चित्रपटात तो कंपू पूर्ण गोरा होता. शाळेच्या त्या मधल्या टेबलावर आपल्यासारखी दिसणारी मुलगी बसली आहे, भोळी आहे, लाडकी आहे आणि तिच्या रंगाचा कोणी उच्चारही करत नाही, याचे मोल माझ्या मुलीला माझ्यापेक्षा अधिक कळले.

मध्यंतर:

पैलतीर, तुमच्या मुलीचे म्हणणे मी मान्य करते. आडनावाचा मुद्दा माझ्या मनात आला होता, पण त्याचे वजन मला कळले नव्हते. नेपथ्य, क्रीडाशिक्षकाचे उपकथानक काढले हे उत्तमच झाले. त्याची बाजू घ्यायला मी धागा काढलेला नाही. माझी तक्रार अशी आहे की जे काढले त्या जागी काही लिहिले गेले नाही. जुना चित्रपट ९७ मिनिटांचा होता, नवा ११२ मिनिटांचा आहे, आणि तरी केडी आणि रेजिना यांना एकमेकींबरोबर वेळ कमी मिळाला असे वाटत राहते. जुने संवाद मात्र जवळजवळ जसेच्या तसे येतात, तेही प्रेक्षकांना ते पाठ आहेत हे गृहीत धरून म्हटल्यासारखे. ते ऐकताना मला वाईट वाटले, कारण टीना फे यांना नवे लिहिता येते हे आपल्याला ठाऊक आहे.

तारसप्तक, तुमच्या मुद्द्यावर मी दोन दिवस विचार केला. बोलण्यातल्या झगड्याचे गाणे होऊच शकत नाही हे मला पटत नाही. नाताळचा प्रसंग त्याचा पुरावा आहे. तिथे केडी मनातले काहीच सांगत नाही. सगळ्यांना पाठ असलेले एक साधे गाणे म्हणते, आणि तेवढ्याने रेजिनाची जागा हलते.

नेपथ्य:

तो प्रसंग मी काल पुन्हा पाहिला. टेपरेकॉर्डर पडल्यानंतरची शांतता खरोखरच अप्रतिम आहे, आणि नव्यात तशी शांतता कुठेही नाही, हे मी कबूल करतो. पण त्यानंतर लगेच रॅपचे हॅलोविनचे गाणे लावले आणि ते तीनदा ऐकले. माझे मत तेच आहे.