मका मेक्सिकोचा, मग तो आफ्रिकेची ओळख कसा झाला?

रानवाटा:
मक्याची लागवड सुमारे ९,००० वर्षांपूर्वी नैऋत्य मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुरू झाली आणि आफ्रिकेत तो १५०० नंतर पोहोचला. तरीही झांबिया-मलावीत बाकी काहीही पोटभर खाल्ले, पण मक्याच्या पिठाचा न्सिमा नसला, तर जेवण झाले असे मानले जात नाही. परके पीक एवढे आपलेसे कसे होते?

खलबत्ता:
माझ्या मते पदार्थ आधीपासून होता, धान्य तेवढे बदलले. ज्वारी-नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवण्याची तिथली रीत जुनीच आहे. उजव्या हाताने गोळी वळायची, अंगठ्याने तिला खळगा पाडायचा आणि त्यात पालेभाजी किंवा मासळीचे कालवण घ्यायचे, या सवयीला मक्याने धक्का लावला नाही. शिवाय कणीस पानांत गुंडाळलेले असल्याने पाखरांपासून राखण करण्याचा त्रास ज्वारीपेक्षा कमी. पुढे वसाहतकाळात खाणकामगारांना शिधा म्हणून मक्याचे पीठ मिळू लागले, तेव्हा त्याचे बस्तान पक्के बसले.

दूरदेशी:
आफ्रिकेपुरते हे पटते, परंतु पीक आणि रीत यांची ताटातूट झाली की काय होते, ते उत्तर इटलीत पाहावे. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर भिजवून, टरफले चोळून काढतात आणि मग पाट्यावर वाटतात. त्यामुळे त्यातील ब-३ जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपने दाणे नेले, चुना मागेच राहिला. व्हेनेतो आणि लोंबार्दीतील गरीब शेतकरी जवळजवळ केवळ पोलेंतावर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीवर, जगू लागले आणि अठराव्या शतकात तिथे या जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रा रोगाने ठाण मांडले: कातडी सोलवटते, जुलाब होतात, शेवटी बुद्धिभ्रंश होतो. एवढे होऊनही पोलेंता आज तिथल्या अभिमानाचा पदार्थ आहे आणि दक्षिणेकडचे लोक उत्तरेकडच्यांना ‘पोलेंतोनी’ म्हणून चिडवतात. शेजाऱ्याच्या टोमण्यानेही ओळख घट्ट होते, हे मला यात अधिक लक्षणीय वाटते.

मीठभाकर:
आपल्या उपवासाच्या ताटाला मात्र खलबत्ता यांचे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, हे सगळे मूळचे अमेरिका खंडांतले. आफ्रिकेत मका रोजच्या अन्नाच्या जागी बसला. इथे उलट, रोजच्या धान्यांत मोडत नाहीत म्हणूनच या जिनसांना उपवासाच्या दिवशी मान मिळाला. (मिरचीला मात्र हा नियम लावता येत नाही, ती कुठेही शिरली.)