ठिबकच्या पुस्तिकेत ढीगभर फोटो टाकले तरी लोकांना कळत नाही, काय चुकतंय?

नळीवाला:
नमस्कार मंडळी. आमचं ठिबक फिटिंगचं काम आहे, गिऱ्हाइकाला द्यायला मी १६ पानी पुस्तिका केलीये, सँड फिल्टरचं बॅकवॉश (म्हणजे पाणी उलटं सोडून आतली वाळू धुणं), व्हेंच्युरीतून (खत पाण्यात ओढून घेणारा तुकडा) खत सोडणं, लॅटरल (पिकाच्या ओळीतल्या बारीक नळ्या) फ्लश करणं वगैरे. नुसता मजकूर कोण वाचणार म्हणून मोबाइलने ३० एक फोटो काढून टाकले, म्हटलं आता तरी फोन कमी येतील, तर कसलं काय, रोज कुणीतरी विचारतंच "दादा, आधी कुठला व्हॉल्व्ह?" परवा एकाने तर फोटोत बघून बघून व्हॉल्व्ह उलटेच ठेवले. अजून फोटो टाकू की सरळ व्हिडिओच करू?

मोडकी_पेन्सिल:
अजून फोटो नको रे बाबा, आहेत त्यातले निम्मे काढ. फोटोत सगळंच येतं हाच घोळ आहे, गवत, विटा, मागची मोटारसायकल, तुझी सावली, आणि माणसाला बघायचे असतात फक्त व्हॉल्व्ह. बॅकवॉशला रेघांची दोन चित्रं काढ, शेजारी शेजारी, तोच फिल्टर, तेवढाच मोठा, फरक फक्त बाणांचा नि हँडलचा. एकात पाणी वरून वाळूतून खाली जातंय, दुसऱ्यात खालून वर येतंय, संपलं. बॉल व्हॉल्व्हचं हँडल पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू, आडवं म्हणजे बंद, हे चित्रातच दिसू दे. आणि तो उलट्या व्हॉल्व्हवाला फोटो परत बघ, काढताना पंप बंद असणार आणि हँडलं सगळी आडवी, पैज लाव.

नळीवाला:
बघितला. सगळी आडवी 🙈

करवंद:
मी मशीनची मॅन्युअल लिहिते त्यामुळे राहवत नाही. लाल-निळ्या पाइपांच्या भानगडीत पडू नका, पुस्तिकेची झेरॉक्स निघणारच आणि त्यात दोन्ही करडे होतात, आणि लाल-हिरवं घ्यावं तर ते वेगळं न दिसणारे पुरुष बरेच असतात. एक रेघ जाड आणि एक तुटक, झालं काम. नावं पण चित्रावरच लिहा, बाजूला अ ब क ची यादी दिली की माणूस बोट ठेवून इकडून तिकडे फिरत बसतो. आणि "आकृती ४ पहा" म्हणायचं नि आकृती दोन पानं सोडून, असं नको प्लीज.

मोडकी_पेन्सिल:
नावांचं पटत नाही ताई, उद्या याला तीच पुस्तिका कन्नडमधे काढायची झाली तर चित्रं परत करावी लागतील. १ २ ३ आकडे बरे.

करवंद:
चार व्हॉल्व्हला कसले आकडे! दहा भाग असते तर मानलं असतं. फार तर आकडा चित्रावर टाका आणि तोच ऑइल पेंटने खऱ्या व्हॉल्व्हवर पण.

नळीवाला:
ऑइल पेंटची आयडिया भारी आहे. पण चित्र मापात नको का? आमच्याकडे पंपापासून फिल्टर लांब, पाइप वाकडातिकडा.

मोडकी_पेन्सिल:
अजिबात नको. लंडनच्या मेट्रोचा नकाशा बघ, १९३३ मधे हॅरी बेकचा आला, तो इलेक्ट्रिकल ड्राफ्ट्समन होता, खरी अंतरं आणि वळणं सोडून दिली आणि रेषा सरळ नाहीतर ४५ अंशात, कारण प्रवाशाला कुठे चढायचं कुठे उतरायचं एवढंच हवं असतं. तुझंही तेच, पंप, सँड फिल्टर, व्हेंच्युरी, स्क्रीन फिल्टर, मेन, सबमेन, लॅटरल, क्रम चुकला नाही म्हणजे बास.

करवंद:
गेजचं पण चित्रच काढा. "दाबातला फरक ०.५ किलोच्या वर गेल्यास" हे वाक्य कुणी वाचत नाही, दोन तबकड्या काढा, फिल्टरच्या आधीची आणि नंतरची, एकीचा काटा १.५ वर एकीचा १ वर, खाली लिहा "एवढा फरक दिसला की बॅकवॉश". व्हिडिओ करा हवं तर, पण शेतात ओल्या हाताने मोबाइल कोण काढतंय, पान लॅमिनेट करून फिल्टरलाच बांधा.

नळीवाला:
रात्री बसून वहीवर काढलं, फोटो जोडलाय. सांगा.

करवंद:
मस्त. फक्त बाण पाइपाच्या बाहेरून काढलेत, आत घ्या. आणि दुसऱ्या चित्रात एक हँडल काढायचंच राहिलंय.