वाचनकट्टा: बेइचोउचे बंड आणि हू योंगअरची जादू

ए-२०३: सर्वांना नमस्कार. रविवारच्या वाचनकट्ट्यासाठी मी 'पिंगयाओ चुआन' ही जुनी चिनी कादंबरी सुचवली होती. बंडखोरांना मायावी दुष्ट ठरवणारे पुस्तक मुलांपुढे का ठेवावे, असे बी-५०४ च्या काकांनी काल विचारले. शंका रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कथेच्या मुळाशी खरा इतिहास आहे. सोंग राजवटीत, १०४७ साली, हेबेइमधील बेइचोउ शहरात वांग त्से नावाच्या फौजेतल्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याने बंड केले. शाक्यमुनींचे युग सरले, आता जग मैत्रेयाचे, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचे, असे त्याचे लोक सांगत. ६६ दिवसांनी सरकारी फौजेने तटाखालून भुयार खणून शहर परत घेतले. या बंडावरची जुनी २० प्रकरणांची कादंबरी लुओ ग्वानचोंगच्या नावावर सांगतात, आणि फेंग मेंगलोंगने १६२० मध्ये ती वाढवून ४० प्रकरणांची केली.

मला या कादंबरीत सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की, तिच्यातली जादू भुकेच्या दारी येते. हू योंगअरच्या वडिलांचे गहाणवटीचे भरभराटीचे घर आगीत जाते, आणि ही मुलगी भर बर्फात उरल्यासुरल्या पैशांच्या भाकऱ्या आणायला निघते. वाटेत एक म्हातारी हात पसरते. योंगअर स्वतः उपाशी असूनही तिला एक भाकरी देते, आणि त्या म्हातारीकडून तिला मंत्रांची पोथी मिळते. त्या विद्येने ती पहिल्यांदा काय करते, तर घरासाठी पैसे आणि तांदूळ निर्माण करते.

सी-१०१: दादा, हा प्रसंग मुलांना नक्की भिडेल. मला त्याहून आवडतो तो भोपळ्याचा प्रसंग. योंगअर भोपळ्यातून लाल चवळीसारखे दाणे आणि कापलेले गवत जमिनीवर ओतते, मंत्र पुटपुटून तोंडातल्या पाण्याची फवारणी करते, आणि त्यांचे लाल चिलखतातले सैनिक व घोडे होऊन रांगेत उभे राहतात. दाणे पेरून फौज उभी करण्याची ही कल्पना चिनी कथांमध्ये ताओपंथी (ताओ हा चीनचा एक जुना धर्मपंथ) विद्येची खूण म्हणून वारंवार येते, एवढे मुलांना आधी सांगितले तर गोडी वाढेल.

बी-५०४: प्रसंग सुंदर आहेत, हे मी मान्य करतो. तरीही पुढे हीच योंगअर वांग त्सेची राणी होते आणि ते दोघे प्रजेला छळतात, हे आपण मुलांपासून लपवणार आहोत का?

ए-२०३: काका, मुळीच लपवू नये, कारण कादंबरीही ते लपवत नाही. बेइचोउचा अधिकारी सैनिकांचा पगार अडवतो, तेव्हा वांग त्से मायावी साथीदारांच्या मदतीने त्यांना पैसे आणि धान्य वाटतो, म्हणून फौज त्याच्यामागे जाते. सत्ता हाती आल्यावर मात्र तोच माणूस बिघडतो. अंड्यातून जन्मलेला भिक्षू, ज्याने मंत्रविद्या मिळवण्यासाठी जिवाचे रान केलेले असते, तो हे पाहून बाजू बदलतो आणि सरकारी फौजेचा सेनापती वेन यानबो याच्या मदतीला जातो. मा सुई नावाचा शिपाई तर वांग त्सेच्या तोंडावर असा ठोसा मारतो की दात पडून त्याला मंत्रच नीट म्हणता येत नाहीत. दुष्टांचा पराभव होतो, पण ते दुष्ट का झाले याचा हिशेब वाचकासमोर उघडा राहतो.

सी-१०१: मग खऱ्या वांग त्सेबद्दलही दोन शब्द सांगाल का?

ए-२०३: नक्की, ताई. सोंग राजवटीच्या अधिकृत इतिहासात नोंद आहे की तो मूळचा चुओचोउचा. दुष्काळात तो गाव सोडून निघाला, तेव्हा आईने ओळख राहावी म्हणून त्याच्या पाठीवर 'फू', म्हणजे सौभाग्य, हे अक्षर गोंदले. पुढे अनुयायांनी ते अक्षर आपोआप उमटले अशी आवई उठवली आणि लोक त्याला भजू लागले. रविवारी सुरुवात मी त्या आईपासून करीन.