मुरलेल्या वस्तीत जुनं घर घेताना काय दिसलं, काय नंतर कळलं? तुमचे अनुभव लिहा

दोन वर्षं घर शोधतोय. नवं बांधकाम नको, एवढं घरात एकमतानं ठरलंय (एवढंच). झाडं वाढलेली, शाळा-दवाखाना-स्टेशन जागच्या जागी, शेजारी वीस-वीस वर्षं राहिलेले, अशा उपनगरात कुणीतरी राहून सोडलेलं घर हवंय. आम्ही चौघं: दोघं नवरा-बायको, नववीतली मुलगी आणि सासूबाई. सतरा घरं बघून झाली. सतराही सकाळी अकराच्या सुमारास. छान ऊन, खिडक्या उघड्या, ओटा लखलखीत. "दरवेळी अकराच का हो?" असं एका एजंटला विचारलं, तर तो नुसता हसला.

ज्यांनी अशा ठिकाणी घर घेतलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा. जागा मोक्याची हवी वगैरे माहीत आहे. बघताना सुटलं आणि राहायला गेल्यावर कळलं, ते सांगा.

*

भिंतीपासून सुरुवात करते, कारण आमची तिथूनच झाली. दिवाणखान्यात सोफ्यामागची भिंत ताजी रंगवलेली होती. फक्त तीच. बाकी तिन्ही पिवळट पडलेल्या. मला ते दिसलं होतं. नवऱ्याला म्हणालेसुद्धा, "निदान एक तरी रंगवलीय बिचाऱ्यांनी." बिचारे! चौथ्या महिन्यात सोफा सरकवला तर खाली पांढरी भुकटी सांडलेली. बोट लावलं तर रंगाचा पापुद्रा तळहाताएवढा सुटून आला. आत भिंत माठासारखी गार.

दोन ठेकेदार येऊन गेले. दोघांनी आतून रसायन मारायचं सांगितलं आणि दोघांचे आकडे ऐकून आम्ही गप्प झालो. तिसरा एक म्हातारा गवंडी. तो घरात आलाच नाही. बाहेरून चक्कर मारली, फुलझाडांच्या वाफ्यात काठी खुपसली आणि म्हणाला, "हे कुणी केलं?" आधीच्या मालकांनी हौसेनं वाफा भिंतीला चिकटवून केला होता, माती जोत्याच्या वर वीतभर चढली होती. जोत्यावर ओल अडवणारा थर असतो. माती त्याच्याही वर गेली की ओल थराला वळसा घालून भिंतीत शिरते. विटांतले क्षार पाण्यात विरघळून बाहेर येतात, तीच ती पांढरी भुकटी.

माती काढली, रसायन नाही मारलं. मग नुसती वाट बघणं. भिंत वाळायला जाडीच्या दर २५ मिलिमीटरला साधारण एक महिना, असा ठोकताळा आहे. आमची भिंत २२५ मिलिमीटरची, म्हणजे नऊ महिने. सासूबाई म्हणाल्या, चला, घराचं बाळंतपणच झालं म्हणायचं.

*

वरच्या ताईंना +१. भेगांबद्दल थोडी भर घालतो. प्लास्टरवरच्या केसासारख्या भेगांना घाबरू नका, बहुतेकदा प्लास्टर वाळताना येतात. पण विटांच्या सांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरकी उतरणारी भेग दिसली, तर पाया एका बाजूला खचलाय का ते इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. आम्ही भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारून शेजारी तारीख टाकली होती. दीड महिन्यानं पुन्हा गेलो, तर भेग रेघेच्या पुढे गेली होती. तिथेच हात जोडले.

*

मी एजंट आहे, तेव्हा चपला जपून मारा.

अकराचं उत्तर सोपं आहे: ऊन चांगलं येतं आणि रस्ता शांत असतो. यात लबाडी नाही, दुकानदारही माल उजेडातच मांडतो. तुम्ही दुसऱ्यांदा कधी यायचं ते मात्र तुम्ही ठरवा. संध्याकाळी सात, रविवारची दुपार, जोराचा पाऊस चालू असताना. नाही म्हणणारा विकणारा मला अजून फारसा भेटलेला नाही, पण मागणारेच विरळा.

दुसरं, आमच्या पोटात काय असतं तेही सांगून टाकतो. लेविट आणि सायव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरांचे व्यवहार तपासले होते, अभ्यास २००८ साली छापून आला. एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा ते सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतो आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत घेतो. गिऱ्हाईकाच्या घराला तेवढा धीर धरत नाही, कारण वाढीव किमतीतून त्याच्या वाट्याला कमिशनचा चतकोर येणार. थोडक्यात, आम्हाला व्यवहार लवकर व्हायला हवा असतो. तुम्ही घेणारे असाल तर हे तुमच्या फायद्याचंही ठरतं. 'घर किती दिवस बाजारात आहे' आणि 'आधीचा व्यवहार का फिसकटला' हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर येण्याआधी किती वेळ गेला तेही बघा.

*

कर्जाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी हिशेबाची पक्की, असा माझा समज होता. वीस वर्षं मुदत, ९ टक्के व्याज. एक लाखाला महिन्याचा हप्ता साधारण ९०० बसतो. पहिल्या हप्त्यातले ७५० नुसतं व्याज, मुद्दलाला १५०. हे माहीत होतं. पण निम्मं मुद्दल कधी फिटतं याचं उत्तर मी 'दहा-बारा वर्षांत' असं दिलं असतं. खरं उत्तर १४ वर्षं. वहीत तीनदा मांडून बघितलं.

त्याहून मोठा दणका व्याजदराचा. तरता (मुदतीत बदलत राहणारा) दर असेल आणि सुरुवातीलाच तो ९ वरून १०.५ झाला, पण हप्ता तोच ठेवला, तर वीस वर्षांची मुदत ३४ च्या पुढे जाते. हप्ता वाढत नाही म्हणून जाणवतही नाही. माझ्या कर्जात दर इतका चढला नव्हता, पण मुदत लांबल्याचं मला दोन वर्षांनी एका पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात दिसलं. तेव्हापासून दर वर्षी एक हप्ता जास्तीचा भरते. सुरुवातीपासून भरला असता तर वीसमधली साडेतीन वर्षं सहज गेली असती.

*

हसू नका. आमचं कपाट २३५ सेंटिमीटर उंच, नव्या घराचं छत २४०. मी टेप घेऊन मोजलं होतं, पाच सेंटिमीटर मोकळे, आनंद. कपाट आडवं करून आत आणलं आणि उभं करायला लागलो तर छताला अडकलं. उभं करताना कर्ण लागतो ना! ६० सेंटिमीटर खोल, म्हणजे कर्ण २४२.५. शाळेत पायथागोरस शिकवणाऱ्या माझ्या बायकोनं त्यावर काही भाष्य केलं नाही, फक्त बघितलं. छताला ती खरवड अजून आहे. आणि दाखवायच्या घरात मांडलेल्या पलंगांवरून खोलीचा अंदाज बांधू नका. आमच्यावेळचा पलंग नंतर नीट आठवून बघितला, त्यावर माझे पाय बाहेर आले असते.

*

तिघा इच्छुकांनी बंद पाकिटात किंमत द्यायची होती. आम्ही वरची मर्यादा ठरवून कागदावर लिहिली, सही केली आणि पाकीट बंद करायच्या दहा मिनिटं आधी ती वाढवली. जिंकलो. मग दुसऱ्याची किंमत कळली आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

याला विजेत्याचा शाप म्हणतात. १९७१ साली केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तेलक्षेत्रातल्या तिघा इंजिनिअरांनी समुद्रातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावांवरून तो मांडला. सगळेच अंदाजानं बोली लावतात, तेव्हा जिंकतो तो बहुधा ज्याचा अंदाज वरच्या बाजूला सगळ्यात जास्त चुकलेला असतो तो. मीही इंजिनिअर, हे वाचलेलं होतं, तरीही. घर आवडतंय, राहतोय सुखात. तेवढा फरक मात्र डोक्यातून जात नाही.

*

कागद! आमचा सगळा व्यवहार ठरला, सामान बांधायला घेतलं, आणि वकीलबाईंनी विचारलं, "यांना एक बहीण होती ना?" होती. परदेशात. वडिलांच्या मागे तिचाही हिस्सा, आणि भावाशी बोलणं बंद. सहा महिने त्यात गेले, शेवटी घर सोडलं. १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी जमिनीची अशी नोंदवही आणली की तिच्यात ज्याचं नाव तोच मालक. जिथे तशी सोय नाही तिथे जुन्या खरेदीखतांची साखळी कडीकडीनं तपासावी लागते. आधी वकील, मग पडद्यांची मापं. आमचं उलटं झालं. पडदे अजून पडून आहेत, कुणाला हवेत का?

*

आम्ही त्याच गल्लीत आधी वर्षभर भाड्यानं राहिलो. दर शनिवारी कुणाकडे ढोल वाजतो, कुणाचा कुत्रा पहाटे चारला उठतो, सगळं पाठ झालं. मग त्या दोघांपासून लांबचं घर घेतलं. बाकी काही नाही.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटसाहेब, चपला नाही, चहा.

तेरावं घर आम्हाला सगळ्यात आवडलं होतं. हे सगळं वाचून काल रात्री साडेनऊला दोघं पुन्हा तिकडे गेलो, आत नाही, नुसतं फाटकापाशी. समोरचे आजोबा फेरी मारत होते. "घर बघायला आलात?" म्हणाले. हो म्हटलं. "रात्री बघायला आलेले तुम्ही तिसरे." आधीचे दोघं पुन्हा आले का, म्हणून विचारलं. ते थोडं थांबले. "मागच्या गटाराचं विचारा त्यांना. पावसात कुठपर्यंत येतं ते विचारा."

आज एजंटला फोन करून तेवढंच विचारलं. "मालकांना विचारून सांगतो," म्हणाला. अजून सांगतोय.