मदत हवी आहे : वाचनालयातल्या जुन्या तबकड्या

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वाचनालयाचा संगीत विभाग म्हणजे एक कपाट. ते लावायचं काम मी मागून घेतलंय. ज्या गावात ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित गायले, तिथल्या वाचनालयात त्यांचं एकही ध्वनिमुद्रण ऐकायला मिळू नये, हे मनाला फार लागतं.

भातखंडे लिपीतली (म्हणजे सूर लिहून ठेवण्याच्या भातखंड्यांच्या पद्धतीतली) काही पुस्तकं आहेत, थोड्या कॅसेट आहेत. आणि खालच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, २३ ग्रामोफोन तबकड्या! एकीवर पांढरी बुरशी आलीय. दुसरीच्या लेबलवर कुणीतरी शाईनं लिहिलंय, ‘यमन. शेवटची तान ऐकणे.’ ती तान मला ऐकायचीच आहे.

तबकड्या लाखेच्या, म्हणून स्पिरिट लावायचं नाही, लाख विरघळते, एवढं वाचलंय. मग बुरशी कशानं काढू? एलपीची (नंतरच्या, हळू फिरणाऱ्या तबकड्यांची) सुई यांना चालत नाही, यांची खाच रुंद असते; ७८ची सुई ग्वाल्हेर-इंदूरकडे कुठे मिळेल?

६० वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क संपतो, पण त्यातल्या गीताचा, चालीचा हक्क वेगळा असतो ना? संगणकावर उतरवून वाचकांना ऐकवायचं तर कुणाची परवानगी लागेल?

सूची गायकाच्या नावानं करू की रागाच्या? मला राग बरा वाटतो, शिकणारी मुलं तसंच शोधतात. ग्रंथपालकाका म्हणतात, गायकच.

कुणाकडे मराठी नाट्यगीतांच्या जुन्या कॅसेट पडून असतील तर कळवा, ग्वाल्हेरात असाल तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन.